यंत्राचा दोष कीं जागेचा?

एका घरांत दोन बिनतारी यंत्रें आलीं, कीं थोरल्याचें सरस कीं धाकट्याचें हा वाद ओघानेंच उत्पन्न होतो. एकावर दूरचें केंद्र स्पष्ट लागतें, दुसऱ्यांतून नुसती खरखर ऐकूं येते. आणि मग किंमतीकडे बोट दाखवून निर्णय दिला जातो. हातांत धरावयाचा रेडिओ असो वा अनेक लहरी आपोआप चाळीत जाणारा ‘स्कॅनर’ असो, हा निर्णय पुष्कळदां अन्यायाचा असतो, असें आम्हांस वाटतें.

याची प्रचीति पाहावयास गणपतीपुळें फार सोयीचें आहे. तेथें डोंगरच देवस्वरूप मानला असल्यामुळें प्रदक्षिणा सबंध डोंगरास घालावी लागते. वाटेंत एके ठिकाणीं समोर मोकळा समुद्र, तर दुसरीकडे डोंगराचा आडोसा. यंत्र तेंच, केंद्रही तेंच; परंतु एफ. एम.च्या लहरी सुमारें तीन मीटर लांबीच्या व बहुतेक सरळ रेषेंत चालणाऱ्या असल्यामुळें केंद्र डोंगराआड गेलें कीं त्या क्षीण होतात. मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर. त्या असल्या डोंगरास वळसा घालून येतात. खारें पाणी उत्तम वीजवाहक असल्यानें समुद्रावरून तर त्या जमिनीपेक्षां पुष्कळ दूर पोंचतात. शिवाय छोट्या रेडिओंत मध्यम लहरींसाठीं बहुधा फेराइटची कांडी असते; यंत्राचें तोंड फिरवितांच आवाज चढतो किंवा उतरतो.

म्हणून तुलना करणाऱ्यानें दोन्ही यंत्रें एकाच जागीं, एकाच केंद्रावर, एकाच वेळीं, आणि साधल्यास आळीपाळीनें एकाच अँटेनावर लावून पाहावीं. आवाज किती मोठा हें पाहूं नये; शब्द किती स्पष्ट कळतात हें पाहावें. वेळेचें महत्त्वही थोडें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईच्या एका रडारवर उन्हाळ्यांत हजार मैलांपलीकडील अरबस्तानचे संकेत उमटत. पावसाळा लागला कीं तेंच रडार नेहमींच्या टप्प्यावर येई. यंत्र बदललेलें नसे. बदललेले असत ते समुद्रावरील हवेचे थर.

हा विषय केवळ हौसेचा असता, तर आम्ही त्याचा इतका विस्तार केला नसता. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ आपल्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां समुद्रांत असलेले कोंकणांतील कित्येक मच्छीमार घरीं परतले नाहींत. नौकांची संकटकाळची हांक १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सोळाव्या चॅनेलवर, दिली जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळें पाण्यापासून दोन मीटर उंचीवर धरलेल्या दोन यंत्रांचा संबंध एरवीं सुमारें १२ किलोमीटरांपर्यंतच राहतो. त्यांपैकीं एकाची अँटेना शंभर मीटर उंचीच्या सड्यावर नेली, तर तेंच अंतर सुमारें ४७ किलोमीटर होतें. पुळणीवर उभें राहून दुप्पट किंमतीचें यंत्र हातांत घेतलें, तरी ही उणीव भरून निघत नाहीं.

तेव्हां नवें यंत्र घेण्यापूर्वीं अँटेना उंच व मोकळ्या जागीं आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. स्कॅनर बाळगणारांनीं परवान्याचे नियमही समजून घ्यावे. मध्यम लहरींवरील कित्येक केंद्रें अलीकडे बंद झालीं आहेत. म्हणून आपल्या घरांत कोठें, कोणत्या वेळीं, कोणतें केंद्र नीट लागतें, याची नोंद शांत दिवसांतच करून ती रेडिओजवळ ठेवावी, आणि बॅटरीचे सेल वेळोवेळीं बदलावे. वीज गेलेल्या, वाऱ्यानें कौलें उडणाऱ्या रात्रीं ती जागा शोधीत बसण्यास कोणालाच अवसर नसतो.