निवृत्तीची पुंजी आणि संघटित हक्क

लव्हाल येथील आपली कुटुंबे भल्या पहाटे बर्फ बाजूला सारून कामावर जातात. पगारपत्रकावर क्वेबेक पेन्शन योजनेची कपात नेमाने दिसते. पण तिचे पुढे काय होते याचा विचार आम्हीही कित्येक वर्षे केला नव्हता. 1966 साली सुरू झालेल्या या योजनेची शिल्लक 'केस द देपो' ही सार्वजनिक संस्था रोखे व शेअर्स यांत गुंतविते. कारखान्यांचे व इस्पितळांचे निवृत्तिनिधीही असेच गुंतविले जातात. म्हणजे कष्टकरी माणूस नकळत भांडवलाच्या बाजारात उभा असतो.

या बाजारात त्याची बाजू कोण घेतो? 2017 साली अमेरिकेतील आयोवा राज्याच्या व कॅलिफोर्नियातील काही परगण्यांच्या कर्मचारी निवृत्तिनिधींनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात मोठ्या बँकांविरुद्ध दावा लावला. हे निधी आपले शेअर्स उसने देऊन भाडे मिळवितात. मध्यस्थी बँकांची असते. भाड्याचे दर दोन्ही पक्षांना उघड दिसतील अशी संगणकीय बाजारपेठ उभी राहू नये म्हणून बँकांनी संगनमत केले, असा आरोप होता. 2022 व 2023 साली पाच बँकांनी मिळून सुमारे 58 कोटी डॉलर देण्याची तडजोड केली.

प्रत्येक दावा यशस्वी होतो असे नाही. कॅनडातील 'सीडॉर' हा व्याजाचा आधारदर बँकांनीच स्वार्थासाठी खाली दाबला, असा दावा कोलोरॅडोच्या अग्निशामक व पोलीस निवृत्तिनिधीने 2018 साली कॅनडातील बड्या बँकांविरुद्ध केला. 2019 साली न्यायालयाने तो फेटाळला. 'सीडॉर' दरही 2024 साली बंद झाला.

मग आमचे म्हणणे काय? एकटा कामगार बँकेला जाब विचारू शकत नाही. हजारोंची पुंजी एकत्र आली म्हणजे विचारू शकते. गुप्तता हाच मक्तेदारीचा पाया होय. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीचा असावा, असे डॉ. बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले. कष्टकऱ्याच्या उद्याची तरतूद खासगी नफ्याच्या हवाली करू नये, हाच त्यामागील विचार आम्हांस दिसतो.

सामूहिक दाव्याचा कायदा कॅनडात प्रथम क्वेबेकनेच 1978 साली केला. येथील कामाच्या ठिकाणच्या निवृत्तियोजनांचा कारभार समिती पाहते. तिच्यावर प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार सभासदांना वार्षिक सभेत असतो. त्या सभेस आपल्यापैकी किती जण जातात? बंधुभगिनींनो, निवृत्तिनिधीचे वार्षिक पत्रक न वाचता कपाटात ठेवू नका. सभेस जा, प्रश्न विचारा, प्रतिनिधी म्हणून उभे राहा. आपल्या घामाच्या पैशाचा हिशेब मागणे हे उपकार मागणे नव्हे. तो आपला हक्क आहे.