श्याम बदलला कुठे? : व्यक्तिरेखेवरचा निबंध मुलांकडून कसा लिहून घ्यावा



आधी एक कबुली देते. चार वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गाला मी 'श्यामची आई'मधील श्याम या व्यक्तिरेखेवर निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका मुलीची वही हातात आली. तिने पहिलंच वाक्य लिहिलं होतं की श्याम लहानपणी हट्टी आणि भित्रा होता. मी लाल पेनाने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि शेरा लिहिला, "थोर व्यक्तीबद्दल असे लिहू नये." पुढच्या निबंधात तिने लिहिलं, "श्याम प्रेमळ, आज्ञाधारक व गुणी मुलगा होता." आणि मी त्याला 'छान' दिलं!

ती मुलगी आता हायस्कूलला आहे. ती वही माझ्याकडे नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही. कारण तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

आपल्याकडे व्यक्तिरेखेवरचा निबंध म्हणजे विशेषणांची यादी. प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, प्रामाणिक. गाईडमध्ये तेच, आपण फळ्यावर देतो ते मुद्देही तेच. नाव बदललं की तोच निबंध कुणालाही चालतो. शेवटी "अशी ही व्यक्ती मला खूप आवडते" लिहिलं की झालं. यात मुलाने पुस्तक वाचलं की नाही हेसुद्धा कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की व्यक्तिरेखेचा निबंध गुणांवर लिहूच नये, बदलावर लिहावा. माणूस सुरुवातीला कसा होता, शेवटी कसा झाला आणि मध्ये असं काय घडलं, एवढंच विचारावं.

त्यासाठी श्यामसारखं उदाहरण नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकात दोन श्याम आहेत. एक चुका करणारा पोरगा, आणि दुसरा त्या चुका न लपवता सांगणारा मोठा माणूस. स्वतः श्याम आपला हट्ट, आपली भीती उघडपणे सांगतोय, आणि मी बाई होऊन ती खोडत बसले होते!

आता प्रत्यक्ष वर्गात काय करते ते सांगते. परिपाठ झाल्यावर मी रोज एक रात्र मोठ्याने वाचते. एकूण 42 रात्री आहेत, सुट्ट्या धरून एक सत्र सहज जातं. वाचताना मुलं वहीच्या मागच्या पानावर फक्त एक ओळ लिहितात : आज श्यामने काय केलं? विशेषण लिहायचं नाही, क्रियापद लिहायचं. 'श्याम घाबरट आहे' असं नाही, 'श्याम लपून बसला' असं. सुरुवातीला मुलांना हे जड जातं, कारण त्यांना आपणच विशेषणांची सवय लावलेली असते.

पुस्तक संपलं की त्या ओळींतून तीनच प्रसंग निवडायचे. तीनच का? पाच घेतले तर निबंध राहत नाही, गोष्टीचा सारांश होतो. निवडण्याआधी एका वाक्यात उत्तर लिहायचं, की श्याम कशाकडून कशाकडे गेला? मागच्या वर्षी एका गटाने फार सुंदर वाक्य काढलं : "आधी श्याम मागायचा, नंतर द्यायला लागला." मी फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि म्हटलं, आता हे सिद्ध करा.

मग काम सोपं झालं. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम, हा मागणारा. दापोलीला शिकताना स्वतःच्या खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेणारा श्याम, हा देणारा. मधल्या प्रसंगावर मात्र भांडण झालं. काहींना पोहण्याचा प्रसंग हवा होता. श्याम भीतीने लपून बसतो आणि आई त्याला चक्क मारून विहिरीवर पाठवते. काहींना मोळीवाल्या म्हातारीचा हवा होता. तिची मोळी डोक्यावर चढवून द्यायला आई सांगते, आणि शिवाशिवीमुळे लोक काय म्हणतील म्हणून श्याम आधी कचरतो.

एक मुलगा म्हणाला, "बाई, पोहण्यात श्यामने कुणाला काही दिलंच नाही. तो प्रसंग आपल्या वाक्यात बसत नाही." केवढं बरोबर बोलला! पोहण्याचा प्रसंग भीती जाण्याचा आहे. तो घ्यायचा तर मुख्य वाक्यच बदलावं लागेल. प्रसंग आवडला म्हणून घालायचा नाही, वाक्याला लागतो म्हणून घालायचा. नियोजन म्हणजे हेच हो. आपण 'सुरुवात, मध्य, शेवट' असं फळ्यावर लिहितो आणि नियोजन शिकवलं असं समजतो.

लिहिताना मुलं जिथे हमखास घसरतात ती जागा म्हणजे गोष्ट सांगत सुटणं. पदराचा प्रसंग लिहायला बसली की पानभर पदरच. म्हणून माझा एक नियम आहे : प्रसंग दोन ओळींत, आणि त्यातून श्यामबद्दल काय कळलं ते चार ओळींत. त्या चार ओळी लिहिताना मुलं पेन तोंडात घालून बसतात. बसू द्या. आपण लगेच वाक्य सांगायचं नाही.

आणखी एक घोटाळा होतो. मुलं श्याम आणि साने गुरुजी एक करून टाकतात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी 1947 मध्ये उपोषण केलं, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ असतं, मग ते निबंधात येतं. माहिती खरी आहे, पुस्तक त्यांच्याच बालपणावर आहे हेही खरं. पण निबंध श्यामवर आहे ना, मग पुरावा पुस्तकातलाच हवा. मोळीच्या प्रसंगानंतर शेवटी एक ओळ म्हणून उपोषण आलं तर मी चालवून घेते. सिनेमा पाहिलेल्या मुलांचंही तेच, पुस्तकात काय आणि पडद्यावर काय याची सरमिसळ होते.

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं. निबंध घरी लिहून देऊ नका. खूप छान अक्षरात, खूप छान शब्दांत आलेले निबंध आम्हाला ओळखू येतात बरं का! त्यापेक्षा स्वयंपाक करताना विचारा, "तुला असं का वाटतं?" मूल म्हणालं, मला श्यामचा राग येतो, तर रागावू नका. पुस्तकात कुठे राग आला ते विचारा.

काही शिक्षक मित्र म्हणतात, एवढा वेळ कुठे आहे, आकारिक-संकलितच्या नोंदी कोण करणार? वेळ कमी आहे हे मान्य. म्हणून मी वर्षाला दहा निबंधांऐवजी असे दोनच घेते, बाकीचे छोटे लेखन घेते. नोंदी त्यातूनच होतात.

यंदाच्या वर्गात परवा नवीनच प्रश्न निघाला. एक मुलगी म्हणाली, "बाई, श्याम बदलला, पण आई बदलली का?" अर्धा वर्ग म्हणाला, हो, घरात कर्ज झालं, गरिबी आली, आई खचली. ती मुलगी म्हणाली, "ते घर बदललं. आई बदलली का ते सांगा." तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. पुढचा निबंध त्याच प्रश्नावर ठेवला आहे. उत्तर मी अजून ठरवलेलं नाही, आणि लाल पेन सध्या कपाटात आहे.