लेखणीचे देणे

धार आणि देवास या दोन्ही संस्थानांत मराठी माणूस आला तो पवारांच्या घोड्यामागून. पण येथे रुजला तो लेखणीच्या बळावर. तलवारीचे दिवस सरले तरी फडणीस, चिटणीस, कारकून आणि पुढे शाळामास्तर या नात्यांनी आमच्यापैकी पुष्कळ घराण्यांनी माळव्याच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या दौत-टाक चालविला. 1948 साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. गाद्या गेल्या, पण आमच्या हातची लेखणी सुटली नाही. आजही आपल्या घरांतून कोणी तहसिलीत, कोणी बँकेत, तर कोणी आमच्यासारखा सरकारी शाळेत कागद काळे करीत बसलेला आढळतो.

अशा लेखणीवाल्या मंडळींपुढे 'जनआंदोलन', 'सामाजिक न्याय' हे शब्द निघाले की आपण अंमळ बाजूस सरकतो. मोर्चा काढणारे निराळे, अडवणारे निराळे. आपण मध्यमवर्गीय, नोकरदार, आपला त्याच्याशी काय संबंध? आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. ते का सुटले, ते आज वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

1990 साली बाबा आमटे आनंदवन सोडून बडवानीजवळ नर्मदातीरी कसरावदला येऊन राहिले, तेव्हा आमची नोकरी लागावयाची होती. मेधाताई पाटकर तर त्याआधीपासूनच खोऱ्यातील गावोगाव हिंडत होत्या. धारच्या मराठी घरांतून त्या काळी दोन्ही बाजूंनी बोलले जाई. एकीकडे आपली माणसे म्हणून अभिमान, तर दुसरीकडे 'धरण झालेच पाहिजे' हा आग्रह. आग्रहही निराधार नव्हता. कच्छची तहान खरी होती, आणि सरदार सरोवराच्या विजेत 57 टक्के वाटा मध्यप्रदेशाचा होता. पण वीज ज्यांच्या घरी यावयाची ते आणि घर ज्यांचे बुडावयाचे ते एक नव्हते. मध्यप्रदेशातील 192 गावे आणि आमच्याच जिल्ह्यातील धरमपुरी हे नगर बुडिताच्या यादीत होते. चहाबरोबर हा वाद रंगे, आणि कप रिकामे झाले की तोही संपे.

पुढे आमची नेमणूक घाट उतरून निमाडात, बुडिताच्या यादीतील एका गावी झाली. 1994 च्या जुलैत एक बाई मुलाला घेऊन शाळेत आली. जन्माचा दाखला नव्हताच. त्या काळी कोणाजवळ असे? मुलाचे वय विचारले, तर ती म्हणाली, इंदिराजी गेल्या त्या हिवाळ्यातला. आम्ही मुलाकडे पाहिले. अंगाने किडकिडा, उंचीने बेताचा. पहिलीत बसवावयाचा म्हणजे सहा वर्षांचा, हा आमचा हिशेब. बाहेर रांग होती, पाऊस होता. आम्ही दाखल-खारिज नोंदवहीत लिहिले : 1 जुलै 1988. आमच्या प्रांतातील कोणतीही जुनी नोंदवही उघडून पाहावी. अर्धा गाव 1 जुलैलाच जन्मला असे वाटावे! मास्तरांच्या सोयीची ती तारीख. बाईने सांगितलेली खूण मात्र साडेनऊ वर्षांची साक्ष देत होती. ती आम्ही ऐकली आणि सोडून दिली.

आता या साडेतीन वर्षांचे मोल काय झाले, ते पाहा. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने 1979 च्या निवाड्यात म्हटले होते की, ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन बुडेल त्यास किमान 2 हेक्टर जमीन मिळावी, आणि सज्ञान मुलगा हा स्वतंत्र कुटुंब मानला जावा. सज्ञान मुलांस खरोखर जमीन द्यावयाची की नाही, यावरही वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 साली न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. हे साधले ते उन्हातान्हात घोषणा देणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या आणि कागदांचे गठ्ठे घेऊन दिल्लीस खेपा घालणाऱ्या निमाडच्या शेतकऱ्यांनी व आदिवासींनी. पण हक्क मान्य झाला तरी अमका मुलगा ठरल्या तारखेस अठरा वर्षांचा होता की नव्हता, हे ठरणार कशावरून? शाळेच्या नोंदवहीवरून!

एके सकाळी त्या मुलाचा बाप शोध काढीत धारला आमच्या दारी आला. थोरल्या मुलाचे नाव यादीत होते, धाकट्याचे नव्हते. खरे वय धरले तर तो बसत होता; आमच्या तारखेप्रमाणे अज्ञान ठरत होता. म्हातारा रागावला नाही. एवढेच म्हणाला, "माटसाब, तारीख तुम्हीच लिहिली होती, तुम्हीच नीट करा." पण एकदा पडलेली तारीख बदलणे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. आम्ही अर्ज लिहून दिला, आईने सांगितलेली खूण नोंदवली, आमची चूक कबूल केली. अर्ज फिरला आणि कोणत्याशा टेबलावर थांबला. तो मुलगा आज पीथमपूरच्या कारखान्यांचा माल वाहणारी गाडी चालवतो. भेटला तर नमस्कार करतो. त्या नमस्काराने आम्हाला संकोच होतो.

त्यानंतर आमची बदली देवास जिल्ह्यात झाली. तेथे निराळीच चळवळ दिसली. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा कायद्याने 1993 सालीच निषिद्ध ठरली होती, परंतु प्रत्यक्षात ती चालूच होती. 2000 नंतर देवासातूनच जन साहस या संस्थेने तिच्या विरुद्ध गरिमा अभियान उभे केले. भौंरासासारख्या गावांतून बायकांनी आपल्या टोपल्या चारचौघांत जाळल्या. त्यांपैकी कित्येकींना त्या टोपल्या सासूकडून मिळालेल्या. जाळल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या भाकरीची सोय ठाऊक नव्हती. ते धैर्य कसले असेल, याची कल्पना महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार घेणाऱ्या आम्हाला येणे कठीण.

अशीच एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. 'अस्वच्छ व्यवसाय' करणाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती 1977-78 पासून आहे. हेतू उत्तम, पण अर्जासोबत पालक ते काम करीत असल्याचा दाखला लागे. बाईने तर काम सोडले होते. नियम समजावून सांगितला तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "तो क्या सरजी, टोकरी फिर उठा लूँ?"

वाचकहो, तेहतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ अधिकाऱ्यांनी आम्हास प्रश्न विचारले. त्यांतल्या एकानेही आम्हास असे निरुत्तर केले नाही. 'काम चालू आहे' असे खोटे लिहावे तर मुलीला पैसे मिळतील, पण आईने जे जाळले ते आम्ही आमच्या अक्षरांत पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवणार. खरे लिहावे तर मुलीचे नुकसान. आम्ही खरे लिहिले आणि सोबत एक पानभर टिपण जोडले. अर्ज परत आला. त्या वर्षी मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नाही. आमचा निर्णय बरोबर होता की नाही, हे आम्ही अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. किंमत आम्हाला मोजावी लागली नव्हती.

पण बायका थांबल्या नाहीत. 2012 च्या नोव्हेंबरअखेर भोपाळहून निघालेली त्यांची मैला मुक्ती यात्रा राज्याराज्यांतून फिरत 2013 च्या जानेवारीअखेर दिल्लीस पोहोचली. त्याच वर्षी नवा कायदा झाला. सर्वेक्षणात नोंद झालेल्या अशा व्यक्तीच्या मुलांस शिष्यवृत्तीचा हक्क त्यात लिहिला गेला आणि पुनर्वसन हा कायद्याचाच भाग झाला. येथेही मेख तीच : 'नोंद झालेल्या'. ज्या बाईचे नाव कोणी लिहिलेच नाही, तिच्यापर्यंत कायदा पोहोचावा कसा?

2017 च्या पावसाळ्यात मेधाताईंनी धार जिल्ह्यातील चिखलद्याला उपोषण केले. त्यांना तेथून उचलून नेण्यात आले आणि त्याच ऑगस्टात काही दिवस धारच्या तुरुंगात ठेवण्यात आले. आमच्या घरापासून तुरुंग दूर नाही. आम्ही सरकारी नोकर. भेटीस गेलो नाही. 2019 मध्ये धरण प्रथमच काठोकाठ, 138.68 मीटरपर्यंत भरले, आणि निसरपूरची भरली बाजारपेठ पाण्याखाली गेली. जेथे आम्ही आठवड्याचा भाजीपाला घेत असू, त्या रस्त्यावरून नावा चालल्या.

न्याय रस्त्यावर मागितला जातो हे खरे. पण तो दिला किंवा नाकारला जातो तो टेबलावर, वहीच्या एखाद्या रकान्यात. रस्त्यावर उतरण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते, हे कबूल करण्यात आता लाज वाटत नाही. पण टेबलाच्या या बाजूस तर आम्हीच बसलो होतो! तेथे नीट ऐकावयास आणि नीट लिहावयास कोणते धैर्य लागत होते?

आता बहुतेक मुले जन्माचा दाखला घेऊन येतात. मजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांची काही मुले अजूनही कागदावाचून येतात. आमच्या शाळेत अशा वेळी जन्मतारखेचा रकाना शिसपेन्सिलीनेही भरावयाचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. आईला बसावयास खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि विचारावे : पोर झाले तेव्हा शेतात काय उभे होते? गावात कोणाचे लग्न होते? दाईबाई हयात आहे का? दवाखान्यात वा अंगणवाडीत कोठे नाव लागले होते का? कधी तास जातो, कधी दोन दिवस. नवे शिक्षक कुरकुरतात, साहेबांना तक्ता वेळेवर हवा असतो. गेल्या जुलैत एका तरुण शिक्षकाने विचारले, "सर, एका तारखेसाठी एवढे?" आम्ही त्याला ती जुनी 1994 ची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. खुर्ची पुढे ओढून बाईला म्हणाला, "हाँ अम्मा, फिर से बताओ."