सोयाबीनचा भाव आणि दिवाळीची पालं

दिवाळी जवळ आली की मराठवाड्यात खेडोपाडीची तरुण पोरं चार-पाच हजारांची जुळवाजुळव करतात, तालुक्याच्या ठोक दुकानातून आकाशकंदील, पणत्या, रांगोळी आणतात आणि आठवडी बाजारात पाल ठोकून बसतात. धंदा वाईट नाही, पण तो चालतो सोयाबीनच्या पैशावर. २०२४ च्या दिवाळीत क्विंटलला हमीभाव ४,८९२ रुपये. बाजारात मात्र त्याहून कमीच हाती पडले. २०२५ मध्ये हमीभाव ५,३२८ झाला खरा, पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कित्येकांची शेतंच पाण्याखाली गेली. अशा साली गिऱ्हाईक येते, भाव विचारते आणि म्हणते, "लिही वहीत, माप झाल्यावर देतो."

ही उधारीच पोरांना बुडवते. त्यात कंदिलाचे आयुष्य लक्ष्मीपूजनापर्यंत. नंतर तो निम्म्या भावातही कोणी घेत नाही. पणत्या-रांगोळीचे तसे नाही, पुढे तुळशीचे लग्न, त्रिपुरी पौर्णिमा आहेच. तेव्हा भांडवल तिकडे घाला, कंदील मोजकेच आणा आणि न खपलेला माल परत घेण्याचे ठोकवाल्याकडून आधीच कबूल करून घ्या. तो कुरकुरेल, पण रोखीने माल नेणाऱ्याला सहसा नाही म्हणणार नाही. फटाक्यांच्या वाटेला मात्र परवान्याशिवाय जाऊच नका.