दूध फेकणारे बाळ

दिवाळीच्या अंकात दुखण्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते, त्या घरी चकल्यांच्या खुसखुशीतपणापेक्षा बाळाच्या दुधाचीच चर्चा अधिक असते. म्हणून यंदा त्याच विषयावर चार शब्द.

बाळाने थोडे दूध काढले तर घाबरू नये, हे आजीचे म्हणणे बहुतेक वेळा खरेच असते. पोट भरले, ढेकर निघाली, तिच्याबरोबर घोटभर दूध ओठांच्या कडेने ओघळले. बाळ निवांत झोपते आहे, वजन वाढते आहे, तर त्या गुळणीला औषध नको. मात्र एक दुखणे याच गुळणीच्या वेषात घरात शिरते.

जन्मानंतर पहिले दोन-तीन आठवडे सारे ठीक असते. बारसेही थाटात होते. मग तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ दूध टाकू लागते आणि काही दिवसांत ओकारीचा जोर इतका वाढतो की दूध उसळून हातभर लांब पडते. ते आंबूस असते, फाटलेले असते. पण हिरवे नसते. आणि खरी खूण पुढेच आहे. ओकून झाले की हे बाळ लगेच भुकेने मुठी चोखू लागते. पाजावे, तर अधाशासारखे पिते आणि पुन्हा फेकते. दुपटी कमी भिजतात, शी अगदी थोडी होते, वजनाचा काटा मागे सरकतो.

मग घरात वैद्यकी सुरू होते. घुटी बदलते, दृष्ट काढली जाते, बाळंतिणीने काल खाल्लेल्या शेवेवर खापर फुटते. शेवटी ‘हिचे दूधच त्याला सोसत नाही’ असा निकाल लागून बाटली येते. या निकालाची मला चीड आहे. आईच्या दुधाचा यात काडीमात्र दोष नसतो, आणि बाटलीतले दूधही तसेच बाहेर येते. मधले आठ दिवस तेवढे फुकट जातात.

दोष असतो तो जठराच्या खालच्या दारात. या दाराला ‘पायलोरस’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ द्वारपाल. काही बाळांत या दाराभोवतीचा स्नायू जाड होत जातो आणि वाट इतकी चिंचोळी होते की दूध पुढे आतड्यात उतरतच नाही. जठर जोर लावते. पाजल्यावर बाळाच्या पोटावर डावीकडून उजवीकडे लाट सरकताना दिसते ती हीच. स्नायू का वाढतो, याचा पुरता उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही. मुलग्यांत हे दुखणे मुलींच्या चौपट-पाचपट आढळते, पहिल्या अपत्यात अधिक. आईबापांपैकी कोणाला लहानपणी ते झाले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एरिथ्रोमायसिन दिल्याने याचा धोका वाढतो, हेही आता ठाऊक झाले आहे. कपाटातल्या उरलेल्या बाटलीतले औषध तान्ह्याला पाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अनुभवी डॉक्टरच्या बोटांना बेंबीच्या वर, किंचित उजवीकडे, बोराएवढी टणक गाठ लागते. मात्र त्यासाठी बाळ शांत हवे आणि डॉक्टरला घाई नको. सोनोग्राफीने तर काम फारच सोपे केले आहे. स्नायूची जाडी तीन मिलिमीटर किंवा अधिक भरली, दाराची नळी लांबलेली दिसली आणि दूध पलीकडे जात नसले, म्हणजे निदान पक्के.

यावर उपाय शस्त्रक्रियेचा. एवढ्याशा जिवाला सुरी, या कल्पनेनेच आजीच्या डोळ्यांना पदर लागतो. पण या शस्त्रक्रियेची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1911 साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरी कॉनराड रामस्टेट या सर्जनने अशाच एका बाळाचा जाड स्नायू उभा चिरला. आतले अस्तर तसेच ठेवून त्याने स्नायूला आडवे टाके घालायला घेतले, तर टाके स्नायू कापून निघू लागले. निरुपायाने त्याने चीर उघडीच ठेवली. बाळ बरे झाले! पुढच्या वेळी त्याने टाक्यांचा खटाटोपच केला नाही. आज शंभराहून अधिक वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया चालते; अलीकडे पुष्कळ ठिकाणी दुर्बिणीने, बारीक छिद्रांतून. त्याआधीच्या काळात या दुखण्यातून वाचणारी मुले थोडी.

नातेवाइकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘निदान झाले, मग आजच का करीत नाहीत?’ कारण आहे. ओकारीबरोबर जठरातले आम्ल सारखे बाहेर जाते, रक्तातले क्लोराइड आणि पोटॅशियम घटते, रक्त अल्कधर्मी होते. अशा बाळाला भूल दिली तर त्याचा श्वास मंदावण्याची, थांबण्याचीही भीती असते. म्हणून आधी शिरेतून सलाइन देऊन रक्त ताळ्यावर आणतात. त्यात एखादा दिवस जातो, कधी अधिक. जो सर्जन ही वाट पाहतो, त्याच्यामागे तगादा लावू नये. घाई करायची ती घरून निघण्याची.

आणि ओकारी हिरवी असेल, तर ते प्रकरण निराळे. तिथे आतड्याला पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते. रात्री दोन वाजता का होईना, त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच बाळाला पुन्हा दूध सुरू करतात, आईचेच. तोवर तिने दूध पिळून काढत राहावे, म्हणजे ते आटत नाही. पहिले एक-दोन दिवस बाळ थोडे ओकते. जठर सुजलेले असते, तेवढ्याने शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. ओकारी तशीच चालू राहिली किंवा जखम लाल होऊन ताप आला, तर मात्र लगेच दाखवावे. एरवी बाळ दोन-तीन दिवसांत घरी येते आणि पूर्वीसारखेच पिऊ लागते, फक्त आता ते दूध पोटात राहते.