किर्लोस्करवाडीचा माळ खरोखर ओसाड होता काय?

कडेगावच्या दक्षिणेस सागरेश्वराचा डोंगर ओलांडला की किर्लोस्करवाडी फार दूर राहत नाही. तिची जन्मकथा आपण सर्वांनी ऐकली आहे: निवडुंगाने माजलेला, सापांनी भरलेला माळ, तेथे आलेला एक द्रष्टा पुरुष आणि केवळ त्याच्या इच्छाशक्तीवर उभे राहिलेले उद्योगनगर. या धाग्याचे भांडण त्या कथेशी आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांशी मुळीच नाही.

मित्रहो, प्रथम स्थानकाचे मूळ नाव पाहा: कुंडल रोड. गाव रुळापासून दूर असले आणि स्थानकावरून तिकडे रस्ता जात असला, की रेल्वेवाले नावापुढे 'रोड' जोडत. म्हणजे १९१० च्या मार्चमध्ये वसाहत झाली त्याआधीच येथे पुणे-मिरज मीटरगेज होता, स्थानक होते, कुंडलसारख्या प्राचीन गावाची वाट होती. यालाच ओसाड म्हणायचे?

लोखंडी नांगर ओतायचा तर कच्चे लोखंड हवे, भट्टीला कोळसा हवा आणि तयार माल दूरवर धाडायला वाघिणी हव्यात. कोरडा माळ कडेगाव-विट्याकडेही काही कमी नव्हता. तरी कारखाना तिकडे गेला नाही, कारण रूळ कृष्णाखोऱ्यातून गेला होता. जागा आगगाडीने ठरवली. निवडुंग कथेत शोभेसाठी आला.

'एकट्याने' हा शब्द तर सर्वांत खोटा. बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी जागा हवी होती, म्हणून लक्ष्मणरावांना तेथून उठावे लागले. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर जमीन दिली, वर १० हजार रुपये बिनव्याजी दिले. संस्थानिक म्हटले की शिकार आणि मेजवान्या एवढेच ज्यांना आठवते, त्यांनी हा व्यवहार एकदा डोळ्यांखालून घालावा. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा करवीरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवण्यास दिल्या. (गडांवरच्या तोफांबरोबर छायाचित्रे काढणाऱ्यांनो, त्यांच्यातल्या काही भावंडांचे नांगर झाले आहेत!)

आणि ते २५ कामगार? ते कुटुंबकबिल्यासह आले. विंचूसापांच्या त्या जागेत मुलांना निजवून बायकांनी चुली मांडल्या. निवडुंग तोडणारे हात त्यांचे होते. आज उत्साहाने संस्थापकाची जयंती साजरी करणाऱ्या किती जणांना यांतली पाच नावे सांगता येतील? लक्ष्मणरावांची थोरवी मला यातच दिसते, की आपल्या शब्दावर २५ घरे बिऱ्हाड पाठीशी बांधून परमुलखात निघाली. कथेतून ती घरे वगळा, म्हणजे त्यांचे कर्तृत्वही निम्मे होते.

पुढे स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी झाले. कुंडलचा रस्ता मात्र अजून तेथूनच जातो.