खुणेवर भरवसा, पण मोजदादही हवी

चांदवड, मनमाड, मालेगावच्या बाजारपेठांत लाल बासनातल्या चोपड्या आता फार थोड्या पेढ्यांवर उरल्या आहेत. उधारी, माल, बिले, कर असा सगळा हिशेब संगणकात गेला. आता तर आपल्यापैकी कित्येकांचा हिशेब दुकानातल्या संगणकातही नसतो. दरमहा भाडे भरून तो दूरच्या शहरातील एका मोठ्या यंत्रावर ठेवलेला असतो. त्या एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्यातला एक येतो. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची डिस्क म्हणजे मोठ्या यंत्रावरील एक लांबलचक फाईल असते. भाड्याने देणारा सांगतो की रोज रात्री बॅकअप होतो, काळजी नको. या ‘काळजी नको’विषयीच आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

रोज रात्री सगळ्या डिस्कची नक्कल कोणी काढत नाही, कारण वेळ आणि पैसा दोन्ही परवडत नाहीत. गोदामाचे उदाहरण घ्या. हजारो तागे रोज मोजण्यापेक्षा, दिवसभरात ज्या फळीला हात लागला तिच्यावर खडूची खूण करावी आणि रात्री तेवढ्याच फळ्या मोजाव्या. संगणकही हेच करतो. डिस्कचे सारखे तुकडे पाडतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ज्या ब्लॉकवर काही लिहिले गेले त्याच्यापुढे खूण होते आणि रात्री फक्त खुणेचे ब्लॉक नकलले जातात. व्हीएमवेअर कंपनीने ही सोय २००९ साली आणली. क्यूएमू या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत ती २०१५ साली आली. १०० जीबीच्या डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडले तर सुमारे १६ लाख ३८ हजार ब्लॉक होतात, आणि त्या सर्वांच्या खुणा अवघ्या २०० केबीत मावतात. युक्ती खरोखर उत्तम आहे. पुण्यात २००८ साली सुरू झालेली ड्रुवा कंपनी अशाच बॅकअपच्या धंद्यातून जगभर पोचली.

पण खूण करायचीच राहिली तर? २०१४ साली व्हीएमवेअरने स्वतःच जाहीर केले की, खुणांची सोय चालू असताना डिस्क वाढवून १२८ जीबीच्या पुढे नेली, तर बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची मिळू शकते. म्हणजे गोदामाला नवी खोली जोडली आणि खडूचा हिशेब बिघडला. बॅकअप रोज ‘यशस्वी’ म्हणून नोंदला जाई, पण नक्कल अपुरी असू शके. पुढे दुरुस्ती निघाली. तोवरचा उपाय असा, की खुणा पुसून नव्याने सुरू करायच्या आणि एकदा पुरी नक्कल काढायची.

क्यूएमूची रीत आम्हाला अधिक पसंत आहे. २०१७ पासून तिथे खुणा डिस्कच्या फाईलमध्येच जपून ठेवता येतात. पण यंत्र मध्येच बंद पडले, तर त्या खुणा भरवशाच्या नाहीत असे ती प्रणाली स्वतः सांगते आणि त्या वापरू देत नाही. मग पुन्हा पुरी मोजदाद करावी लागते. शंका आली की फिरून मोजणारा मुनीमच खरा मुनीम.

काही बांधव म्हणतील, हे तंत्र आपल्याला काय कळणार? कापड घेताना आपल्याला गिरणी चालवता यावी लागत नाही, पण तागा उलगडून मीटर मोजता येतोच. आपल्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. त्या काळी नाणे टांकसाळीचे असले तरी सराफ ते वाजवून पाही.

शिवाय प्रश्न कायद्याचाही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. संगणकातील नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप हवा, असे नियम ५७ सांगतो. परत उभ्या करता येतील, हे शब्द महत्त्वाचे आहेत. उधारीच गेली तर गिऱ्हाइकाच्या तोंडी कबुलीवर धंदा चालवण्याची पाळी येईल.

म्हणून भाड्याने देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. पुरी नक्कल किती दिवसांनी काढता? डिस्क वाढवली किंवा यंत्र अचानक बंद पडले, तर त्यानंतर पुरी नक्कल काढता का? आणि बॅकअपवरून आमचा हिशेब उभा करून आम्हाला शेवटचा दाखवला कधी? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर भाडे कितीही कमी असो, सौदा महाग आहे. मार्चअखेरपूर्वी एकदा, आपल्या डोळ्यांसमोर, बॅकअपमधून मागल्या महिन्याची खतावणी उघडून घ्या आणि आपल्या बिलांशी ताडून पाहा. जुळली, तरच बॅकअप आहे असे म्हणा.